शास्त्रोद्धारक पूज्यश्री अमोलकऋषीजी महाराज आणि त्यांच्या ग्रंथांचा प्रवास

ग्रंथ लिहून पूर्ण झाला म्हणजे लेखकाचे कार्य संपले, अशी वाचकांची सर्वसाधारण समजूत असते. ज्याने पदरमोड करून स्वतःचे पुस्तक छापून घेतले आहे, त्याचा अनुभव मात्र निराळा असतो. छापखान्यातून गठ्ठे घरी येऊन पडले की खरा प्रश्न उभा राहतो. ही पुस्तके कोणाच्या हाती द्यावयाची? दूरच्या गावी कशी पोहोचवावयाची? किंमत ठेवावी की ठेवू नये? मराठी ग्रंथव्यवहाराच्या आरंभकाळात लेखकच बहुधा स्वतःचा प्रकाशक आणि विक्रेता असे. आधी वर्गणीदार मिळवावयाचे, कोणी उदार आश्रयदाता गाठावयाचा, त्याचे नाव आरंभीच्या पानावर कृतज्ञतेने छापावयाचे आणि उरलेल्या प्रती ओळखीपाळखीने खपवावयाच्या, अशी ती रीत होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड कार्य हाती घेतले, तेव्हा १९१६ साली नागपूर येथे त्यांना मर्यादित कंपनी स्थापन करावी लागली आणि ग्राहकांच्या वर्गणीवर तेवीस खंड तडीस न्यावे लागले. एवढ्या मोठ्या विद्वानासही ग्राहक मिळविण्याची चिंता सुटली नाही.

नेमक्या त्याच काळात, दक्षिणेत, एका लेखकाचे बत्तीस ग्रंथ छापले जात होते. या लेखकाजवळ एक पैसाही नव्हता आणि पैशास स्पर्श करण्याचीही त्यांना मुभा नव्हती. ते वाहनात बसू शकत नव्हते, पुस्तकाचा गठ्ठा टपालात टाकू शकत नव्हते, दुकान मांडू शकत नव्हते, ग्राहकाकडे वर्गणी मागू शकत नव्हते. तरीही त्यांच्या ग्रंथांच्या हजार हजार प्रती भारतातील निरनिराळ्या प्रांतांत पोहोचल्या. हे लेखक म्हणजे ऋषी संप्रदायाचे आचार्य, शास्त्रोद्धारक, बालब्रह्मचारी पूज्यश्री अमोलकऋषीजी महाराज. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनाचे आणि विशेषतः त्यांच्या ग्रंथांच्या प्रवासाचे स्मरण करणे उचित ठरेल. पाथर्डी-तिसगाव-मिरी-चिचोंडी या आपल्या परिसराचे धार्मिक जीवन ज्या ऋषी संप्रदायाने घडविले, त्याच परंपरेचे ते एक तेजस्वी रत्न होते.

बालपण आणि दीक्षा

महाराजश्रींचा जन्म विक्रम संवत १९३४ मध्ये, म्हणजे १८७७ साली, भोपाळ येथे एका ओसवाल कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे मारवाडातील मेडत्याचे. पित्याचे नाव केवलचंदजी आणि मातेचे हुलासाबाई. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे केवलचंदजींच्या मनात वैराग्य उत्पन्न झाले आणि त्यांनी भागवती दीक्षा अंगीकारली. पित्याच्या मार्गाने जाण्याचा ध्यास बालक अमोलकचंदाने घेतला आणि संवत १९४४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो दीक्षित झाला. पिता केवलऋषीजी आणि पुत्र अमोलकऋषीजी हे दोघेही एकाच संप्रदायाचे मुनी झाले.

बालमुनींचे शास्त्राध्ययन प्रामुख्याने पूज्यश्री रत्नऋषीजी महाराजांच्या सान्निध्यात झाले. हे रत्नऋषीजी म्हणजे कविकुलभूषण पूज्यश्री तिलोकऋषीजी महाराजांचे शिष्य. तिलोकऋषीजींनी दक्षिणेत विहार करून येथील श्रावकवर्गास जागृत केले आणि १८८४ साली नगर येथे देह ठेवला. त्यांचे हस्ताक्षर अतिशय सूक्ष्म व सुंदर होते. बारीक अक्षरात त्यांनी लिहिलेली पाने आजही श्रद्धेने व आश्चर्याने पाहिली जातात. याच रत्नऋषीजींनी पुढे १९१३ साली मिरी येथे चिचोंडीच्या तेरा वर्षांच्या नेमिचंद नावाच्या मुलास दीक्षा दिली. तेच आपले राष्ट्रसंत आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज. अशा रीतीने अमोलकऋषीजी आणि आनंदऋषीजी या दोन्ही आचार्यांचे विद्यागुरू एकच होते, ही गोष्ट आपल्या परिसरातील श्रावकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लेखक साधूपुढील अडचण

पुढील कथाभाग नीट कळावा यासाठी साधूच्या आचारमर्यादांचा थोडा विचार करणे अवश्य आहे. पंचमहाव्रतांतील अपरिग्रह व्रतामुळे साधूजवळ धन असत नाही. तो पायी विहार करतो आणि आपली उपकरणे स्वतःच वाहतो. जी वस्तू जवळ आहे तिचे सकाळ-संध्याकाळ प्रतिलेखन करावे लागते. पुस्तकांचेही पान-पान पाहून जीवजंतूंची यतना राखावी लागते. म्हणून शंभर पुस्तके घेऊन साधू विहार करू शकत नाही. ज्ञानाची कितीही आवड असली तरी खांद्यावर पेलवतील आणि रोज प्रतिलेखन करता येतील एवढेच ग्रंथ जवळ ठेवावे लागतात.

अशा साधूने ग्रंथ लिहिला तर तो लोकांपर्यंत जाणार कसा? जुन्या काळी याचे उत्तर हस्तलिखित हे होते. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम ग्रंथारूढ करविले. त्यानंतर शतकानुशतके लेखनकुशल मुनी आणि वेतन घेऊन लिहिणारे लहिये यांनी एकेक प्रत हाताने उतरवून काढली. लोंकाशाह हे स्वतः उत्तम लेखक होते आणि आगमांच्या प्रती करता करता त्यांना मूळ आचारधर्माचे दर्शन घडले, असे स्थानकवासी परंपरा सांगते. परंतु हस्तलिखिताची एक प्रत म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे श्रम. एकट्या भगवती सूत्राचे प्रमाण पंधरा हजार सातशे श्लोकांहून अधिक. अशी बत्तीसही शास्त्रे एका गावी एकत्र मिळणे दुर्मीळ होते. शिवाय मूळ भाषा अर्धमागधी. तिचा अर्थ जुन्या गुजराती-राजस्थानी मिश्र टब्ब्यांतून शोधावा लागे. दक्षिणेतील खेड्यात दुकान चालविणाऱ्या मारवाडी श्रावकास शास्त्र श्रवण करावयाचे तर साधूंच्या आगमनाची वाट पाहावी लागे. साधू चातुर्मास आटोपून विहार करून गेले की शास्त्रही त्यांच्याबरोबर जाई.

मुद्रणकला आली तेव्हा हा प्रश्न सहज सुटेल असे वाटावे. प्रत्यक्षात तसे झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जैन समाजाच्या सर्वच संप्रदायांत धर्मग्रंथ छापण्याविषयी तीव्र मतभेद होते. यंत्राने होणारी हिंसा, शाई व बांधणी यांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांची अशुद्धता, छापील पान रद्दीत जाऊन होणारी ज्ञानाची आशातना, आणि अनधिकारी व्यक्तीच्या हाती शास्त्र जाण्याचे भय, असे आक्षेप घेतले जात. हे आक्षेप घेणारे लोक अडाणी नव्हते. शास्त्राविषयी त्यांच्या मनात खरा आदर होता. याउलट ज्यांनी मुद्रणाचा पुरस्कार केला त्यांना ग्रंथभांडारांत वाळवी लागलेल्या पोथ्या दिसत होत्या. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरचे दिगंबर श्रावक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८५ साली ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू करून छापील अक्षरास समाजात स्थान मिळवून दिले. मुर्शिदाबादच्या राय धनपतसिंहांनी त्याआधीच आगमांच्या मुद्रणास हात घातला होता. तथापि बत्तीसही आगम, सर्वसामान्य श्रावकास समजेल अशा हिंदी भाषेत, अर्थासहित, कोणीही प्रसिद्ध केले नव्हते.

हैदराबादचे वास्तव्य

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमोलकऋषीजी महाराज आपले संसारपक्षाचे पिता केवलऋषीजी यांच्यासह महाराष्ट्रातून विहार करीत निजामाच्या राजधानीत, हैदराबादेस पोहोचले. त्या प्रदेशात स्थानकवासी मुनींचे आगमन त्यापूर्वी जवळजवळ झालेच नव्हते. केवलऋषीजींच्या वृद्धत्वामुळे व प्रकृतीमुळे पुढील विहार अशक्य झाला आणि हैदराबाद-सिकंदराबाद परिसरात महाराजश्रींचे दीर्घकाळ वास्तव्य घडले. पितृसेवेच्या निमित्ताने एका ठिकाणी मिळालेली ही स्थिरता पुढे शास्त्रसेवेस उपकारक ठरली.

तेथील जौहरी समाजात लाला सुखदेवसहायजी आणि त्यांचे चिरंजीव ज्वालाप्रसादजी हे मोठे प्रतिष्ठित घराणे होते. महाराजश्रींच्या व्याख्यानांनी हे घराणे धर्मात दृढ झाले. महाराजश्रींचे आरंभीचे हिंदी ग्रंथ वाचून श्रावकवर्गास एक गोष्ट कळून चुकली होती. तत्त्वज्ञान साध्या भाषेत सांगितले तर व्यापारात गढलेला मनुष्यही ते वाचतो. ‘जैन तत्त्व प्रकाश’ हा त्यांचा ग्रंथ याचे उत्तम उदाहरण आहे. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय व साधू यांच्या गुणांपासून श्रावकाच्या बारा व्रतांपर्यंत सर्व विषय त्यात एकत्र आले आहेत. एका पुस्तकात संपूर्ण धर्म हाती यावा अशीच त्याची योजना आहे. तेव्हा मूळ शास्त्रेही अशाच रीतीने लोकांपुढे यावीत, ही भावना बळावली आणि लालाजींच्या घराण्याने प्रकाशनाचा संपूर्ण भार उचलण्याचे ठरविले.

शास्त्रोद्धार

संवत १९७२ च्या सुमारास, म्हणजे १९१५ साली, हे कार्य सुरू झाले. अकरा अंग, बारा उपांग, चार मूल, चार छेद आणि एक आवश्यक अशी ही बत्तीस शास्त्रे. एकट्या मुनींनी सुमारे तीन वर्षांत या सर्वांचा हिंदी अनुवाद पूर्ण केला. या काळात महाराजश्री दररोज एकाशन करीत आणि दिवसाचे सात-सात तास लेखन करीत, असे संप्रदायात परंपरेने सांगितले जाते. हाताशी आजच्यासारखे कोश नव्हते, साहाय्यक पंडितांचे मंडळ नव्हते. साध्वाचारातील आवश्यक, प्रतिलेखन, गोचरी आणि व्याख्यान हे सर्व सांभाळून उरलेल्या वेळात हे लेखन करावयाचे होते.

छपाईसाठी सिकंदराबाद येथे जैन शास्त्रोद्धार मुद्रणालय उभे करण्यात आले. काळ मोठा प्रतिकूल होता. १९१४ ते १९१८ या वर्षांत पहिले महायुद्ध चालू होते. विलायतेतून येणारा कागद महाग आणि दुर्मीळ झाला होता. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने सारा देश हादरला. अशा दिवसांत अर्धमागधी मूळ आणि हिंदी अर्थ यांचे खिळे जुळवून हजारो पृष्ठे छापावयाची होती. तरीही १९२० पर्यंत, वीर संवत २४४६ च्या सुमारास, हे कार्य सिद्धीस गेले.

या ग्रंथांची पाने ज्यांनी पाहिली असतील त्यांना एक गोष्ट आठवत असेल. पानाच्या एका कडेस अनुवादक मुनींचे नाव आणि दुसऱ्या कडेस प्रकाशक लालाजींचे नाव उभ्या ओळीत छापलेले असते, आणि हे जवळजवळ प्रत्येक पानावर. आजच्या वाचकास हे काहीसे विचित्र वाटेल. परंतु हे ग्रंथ दोघांचे आहेत, ही गोष्ट त्यातून आपोआप स्पष्ट होते. ज्याने लिहिले त्यास छापता येत नव्हते आणि ज्याने छापले त्यास लिहिता येत नव्हते. साधूची मर्यादा जेथे संपली तेथून श्रावकाचे कर्तव्य सुरू झाले.

हजार संच आणि मूल्य ‘अमूल्य’

प्रत्येक शास्त्राच्या एक हजार प्रती छापण्यात आल्या. बत्तीस शास्त्रांच्या हजार प्रती म्हणजे बत्तीस हजार शास्त्रप्रती. किमतीच्या जागी शब्द होता ‘अमूल्य’. हे सर्व संच निरनिराळ्या प्रांतांतील स्थानकांना, ज्ञानभांडारांना व साधू-साध्वींच्या उपयोगासाठी विनामूल्य देण्यात आले.

या निर्णयामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. पहिली गोष्ट म्हणजे शास्त्र हे विक्रीयोग्य द्रव्य नव्हे, ही श्रद्धा. साधूने पोट भरण्यासाठी ज्ञान दिलेले नाही, तेव्हा त्यावर इतरांनी नफा का घ्यावा? दुसरी गोष्ट व्यवहाराची होती. बत्तीस शास्त्रांचा संपूर्ण संच विकत घेण्याची ऐपत तेव्हा किती गावांची होती? मोठ्या शहरातील संघाने तो घेतला असता. दहा-बारा घरांच्या खेड्यातील संघाने घेतला नसता. आणि शास्त्राची खरी उणीव तर त्या खेड्यातच होती. किंमत ठेवली असती तर जेथे आधीच ग्रंथ होते तेथेच ते पुन्हा गेले असते. तिसरी गोष्ट अशी की, विक्रीसाठी दलाल, हिशेब, उधारी आणि वसुली हे सर्व लागते. दान करणाऱ्यास केवळ योग्य पत्ता लागतो.

अर्थात विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे. कागद, छपाई, बांधणी यांच्याबरोबर पाठवणीचाही भार कोणीतरी सोसावा लागतो. एवढा मोठा संच म्हणजे एक भरभक्कम पेटीच. हैदराबाद-सिकंदराबादेहून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्यातून जाणारी मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली होती. मनमाड-दौंड मार्गावर नगर स्थानक होतेच. आपल्या भागाकडे अशी पेटी यावयाची तर ती या मार्गाने नगरपर्यंत यावी आणि तेथून पुढे पाथर्डी-तिसगावच्या वाटेवर बैलगाडीचा प्रवास करावा, असाच तो काळ होता. पेटी गावात उतरली की तिच्यासाठी कपाट हवे, वेष्टनाचे कापड हवे, वाळवीपासून रक्षण हवे. एका दात्याच्या दानापाठोपाठ प्रत्येक गावाला आपलेही थोडे दान द्यावे लागते, तेव्हाच ग्रंथ टिकतो.

हिंदी भाषेची निवडही वितरणाच्या दृष्टीने दूरदर्शी ठरली. महाराजश्रींनी गुजरातीत लिहिले असते तर ग्रंथ गुजरात-काठेवाडपुरते राहिले असते. मारवाडीत लिहिले असते तर पंजाबात पोहोचले नसते. हिंदीमुळे पंजाब, दिल्ली, माळवा, मारवाड, मेवाड, खानदेश, दक्षिण महाराष्ट्र आणि निजामशाही या सर्व ठिकाणच्या श्रावकांना एकच ग्रंथ चालला. आपल्या परिसरातील घराघरांत बोलणे मारवाडी, बाजारातील व्यवहार मराठी आणि धर्मवाचन हिंदी अशी जी त्रिभाषी रीत पडली, तिला अशा ग्रंथांचा हातभार लागला आहे.

दानाची दुसरी बाजू

श्रद्धेच्या भरात एका प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. फुकट मिळालेला ग्रंथ वाचला जातो काय? विकत घेतलेल्या पुस्तकाबाबत एवढे तरी निश्चित असते की, कोणास तरी ते हवे होते. विनामूल्य आलेला ग्रंथ ज्यास नको आहे त्याच्याकडेही जातो. विकणाऱ्या लेखकास किती प्रती खपल्या यावरून लोकांची आवड कळते. दान करणाऱ्यास किती प्रती उघडल्या गेल्या हे कधीच कळत नाही. आणि विक्रीतून आलेल्या पैशावर दुसरी आवृत्ती निघू शकते, तर दानातून निघालेल्या ग्रंथास दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा नवा दाता शोधावा लागतो.

महाराजश्रींच्याच ग्रंथांवरून हे दिसून येते. त्यांचा ‘जैन तत्त्व प्रकाश’ वाचकांच्या मागणीमुळे पुन्हा पुन्हा छापला गेला. पुढील काळात धुळ्याच्या श्री अमोल जैन ज्ञानालयाने तो व त्यांचे इतर ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांची परंपरा चालू ठेवली. बत्तीस आगमांचे ते संच मात्र अनेक ठिकाणी वेष्टनात बांधून कपाटात राहिले. ज्ञानपंचमीस बाहेर काढावे, धूळ झटकावी, वंदन करावे आणि पुन्हा ठेवून द्यावे, एवढाच त्यांचा उपयोग कित्येक गावी झाला. हे सत्य कटू असले तरी नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्याबरोबर दुसरेही सत्य सांगितले पाहिजे. ज्या गावी एखादी जिज्ञासू साध्वी चातुर्मासास आली, एखादा स्वाध्यायी श्रावक निपजला, त्या गावी शास्त्र आधीपासून हजर होते. त्याला ते मागविण्यासाठी कोठे जावे लागले नाही. हजारांतील शंभर संच जरी असे उघडले गेले असतील, तरी ज्या काळी शंभर ठिकाणीसुद्धा बत्तीस शास्त्रे एकत्र नव्हती त्या काळाच्या मानाने ही क्रांतीच होती.

अनुवादातील काही उणिवा पुढील विद्वानांनी दाखविल्या आहेत. एकट्या व्यक्तीने, इतक्या अल्पावधीत, मर्यादित साधनांनी केलेल्या कार्यात त्या राहणे स्वाभाविक होते. त्यानंतर पूज्यश्री घासीलालजी महाराज, आचार्यश्री आत्मारामजी महाराज यांनी आगमांवर विस्तृत कार्य केले. युवाचार्य मधुकर मुनीजींच्या मार्गदर्शनाखाली ब्यावरच्या आगम प्रकाशन समितीने १९८० पासून नवी संपादने प्रसिद्ध केली. त्या कामी अनेक विद्वान व अनेक दाते एकत्र आले. परंतु बत्तीस आगम हिंदीतून संपूर्णपणे लोकांपुढे ठेवता येतात, हे प्रथम सिद्ध करण्याचा मान अमोलकऋषीजी महाराजांचाच आहे.

आचार्यपद आणि महाप्रयाण

शास्त्रोद्धाराचे कार्य आटोपल्यावर महाराजश्रींचा विहार पुन्हा सुरू झाला. लेखन थांबले नाही. लहानमोठे मिळून शंभराच्या आसपास ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. त्यांत तत्त्वग्रंथ आहेत, चरित्रे आहेत, सामान्य जनांस गाता येतील अशा पद्यरचना आहेत. १९३२ साली इंदूर येथे चतुर्विध संघाने त्यांना ऋषी संप्रदायाचे आचार्यपद अर्पण केले. १९३३ मध्ये अजमेर येथे भरलेल्या बृहत् साधू संमेलनात ते सहभागी झाले. विखुरलेल्या संप्रदायांना एकत्र आणण्याच्या त्या प्रयत्नात एका गोष्टीची अनुकूलता आधीच निर्माण झालेली होती. निरनिराळ्या संप्रदायांच्या स्थानकांत एकाच अनुवादाचे एकच संच पोहोचलेले होते.

१९३६ साली धुळे येथील चातुर्मासात, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, महाराजश्रींनी नश्वर देहाचा त्याग केला. मागे संपत्ती नव्हती, मठ नव्हता. होते ते केवळ अक्षर, आणि तेही दुसऱ्यांच्या कपाटांत.

पाथर्डीचे उत्तर

महाराजश्रींचे महाप्रयाण ज्या वर्षी झाले त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, आपल्या पाथर्डीत एक वेगळे कार्य आरंभले गेले. पूज्यश्री रत्नऋषीजींच्या प्रेरणेने १९२३ पासून तेथे तिलोक जैन नावाने शिक्षणकार्य सुरू झालेलेच होते. त्याला जोडून पूज्यश्री आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना झाली. ठिकठिकाणी केंद्रे नेमावयाची, अभ्यासक्रम ठरवावयाचा, त्यास अनुरूप पाठ्यपुस्तके तयार करावयाची आणि परीक्षा घ्यावयाची, अशी ही योजना. मुले-मुली, गृहिणी, इतकेच नव्हे तर साधू-साध्वीही या परीक्षांना बसू लागल्या.

वितरणाच्या दृष्टीने पाहिले तर या दोन कार्यांचा संबंध फार जवळचा आहे. अमोलकऋषीजींनी वाचकापर्यंत ग्रंथ नेला. परीक्षा बोर्डाने ग्रंथापर्यंत वाचक आणला. परीक्षेस बसणाऱ्या मुलास पुस्तक उघडावेच लागते आणि प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पान उलटावेच लागते. पुस्तक कोणी दानात दिले की अल्प मूल्यात, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. पुढे १९४२ साली आनंदऋषीजी महाराजांना ऋषी संप्रदायाचे आचार्यपद मिळाले तेही पाथर्डीतच. अमोलकऋषीजींच्या गादीचा वारसा अशा प्रकारे आपल्याच तालुक्यातील सुपुत्राकडे आला आणि ग्रंथवितरणाच्या कार्याची अपूर्ण राहिलेली बाजू याच भूमीत पूर्णत्वास गेली.

आपल्यापुढील प्रश्न

आज परिस्थिती सर्वस्वी पालटली आहे. पुस्तक छापणे सुलभ झाले आहे. कोणाच्या पुण्यस्मरणार्थ, कोणाच्या वर्षीतप-पारण्याच्या निमित्ताने, कोणाच्या दीक्षा-महोत्सवात लहानमोठी पुस्तके छापली जातात व वाटली जातात. किमतीच्या जागी ‘सदुपयोग’ किंवा ‘नित्य पठन’ असे छापण्याची सुंदर प्रथा आहे. अमोलकऋषीजींच्या त्या जुन्या आगमग्रंथांच्या छायाप्रती आता संगणकावरही विनासायास पाहता येतात. ज्या पेटीला रेल्वे आणि बैलगाडी लागत होती, ती आज खिशातील भ्रमणध्वनीवर उघडते.

परंतु पुस्तक पोहोचणे आणि पुस्तक वाचले जाणे यांतील अंतर तेवढेच आहे. ते अंतर लालाजींच्या धनाने मिटले नाही, संगणकानेही मिटणार नाही. ते मिटविण्याचे साधन गावातच असते. स्थानकातील कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असावे. कोणते ग्रंथ आहेत याची यादी भिंतीवर लागलेली असावी. चातुर्मासाखेरीज उरलेल्या आठ महिन्यांतही आठवड्यातून एकदा, पाच जण का होईना, एकत्र बसून चार पाने वाचली जावीत. नवे पुस्तक छापण्यासाठी देणगी देणाऱ्या दात्याने त्याच देणगीतील काही भाग वाचनासाठी, मुलांच्या परीक्षेसाठी, जुन्या ग्रंथांच्या बांधणीसाठी राखून ठेवावा. हजार प्रती वाटण्यापूर्वी ज्यांना त्या हव्या आहेत अशा शंभर जणांची नावे लिहून काढावीत. एवढे केले तरी पुस्तकाच्या ‘अमूल्य’ या शब्दास खरे मूल्य प्राप्त होईल.

ट्रस्टने पन्नास वर्षांत जे कार्य केले त्याचा गौरव या स्मरणिकेत इतरत्र आलेलाच आहे. पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना पूज्यश्री अमोलकऋषीजी महाराजांचे जीवन आपल्यापुढे असावे. व्रताने बांधलेल्या एका अकिंचन मुनींनी, जे आपणास करता येत नाही त्याची खंत न करता, जे करता येते ते दररोज सात तास केले. उरलेले श्रावकांनी केले. त्यांचा वाटा त्यांनी पुरेपूर उचलला. ग्रंथ उघडण्याचा वाटा आपल्याकडे सोपविलेला आहे.

शास्त्रोद्धारक पूज्यश्रींच्या चरणी त्रिवार वंदना.

जय जिनेंद्र!